इतकं मात्र मी कबूल करतो

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा सात पानी मसुदा मिळाला. फोनवर माझ्या डोळ्यांना वाचता येईना, म्हणून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. तो म्हणाला, "काय सर, कोर्टकचेरी का?" म्हटलं, तसंच समज.

प्रकार कळला. तुझ्या खोलीतल्या मुलीच्या घरी कुणीतरी कळवलं की तू तिला चर्चला नेतेस, बाटवतेस. रात्री चौघीजणींनी तुला खाटेवर बसवून उलटतपास घेतला. एकीने विचारलं, "ख्रिस्ती होताना तुमच्या घराला काय मिळालं होतं गं?" आणि तू तिला नको ते बोललीस. आता गुरुवारी रेक्टर मॅडमना लेखी उत्तर द्यायचं आहे. या सगळ्यावर धीर धर, देव पाठीशी आहे, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुझ्या आजीने तुला माझ्याहून चांगलं शिकवलंय.

मी अडकलोय तिसऱ्या पानावर. तिथे तू लिहिलंयस, "मी तिला आजवर कोणत्याही चर्चमध्ये नेलेलं नाही." अगं, डिसेंबरात तूच मला फोनवर सांगितलंस ना? नाताळच्या आदल्या रात्री ती हट्टाने तुझ्याबरोबर आली, मागच्या बाकावर बसली, गाणी ऐकली, केक खाल्ला आणि तुझ्याबरोबर परत गेली. ते वाक्य खोड. बाकीच्या साडेसहा पानांचं नंतर बघू.

संडेस्कूलात तुला नव्या करारातली प्रेषितांची कृत्ये धडाधडा म्हणता यायची, बक्षीसही घेतलं होतंस. आता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, तर 21 ते 26 हे अध्याय वकिलाच्या डोळ्यांनी वाच. येशूचा प्रेषित पौल, त्याच्यावरचा आरोप काय होता? त्याने परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या माणसाला यरुशलेमेच्या मंदिराच्या आत नेलं. पुरावा काय? इफिसचा त्रफिम त्याच्याबरोबर शहरात हिंडताना लोकांनी पाहिला होता. बस. बाजारात बरोबर दिसला म्हणजे मंदिरातही नेलाच असेल! तुझ्या हॉस्टेलात काही नवीन घडलेलं नाही.

आणि आरोप साधा नव्हता. मंदिराच्या आतल्या अंगणाभोवती कठडा होता. परक्याने याच्या आत येऊ नये, जो सापडेल तो आपल्या मरणाला आपणच जबाबदार, असं ग्रीक भाषेत दगडावर कोरून तिथे लावलेलं होतं. त्यातला एक दगड 1871 मध्ये यरुशलेमेत सापडला, आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे तुझ्यासारखा रेक्टरच्या खोलीतला मामला नव्हता, जिवाशी गाठ होती. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं, मंदिराचे दरवाजे लावून घेतले आणि मारायला लागले. रोमी सरदार शिपाई घेऊन धावत आला म्हणून वाचला. त्या सरदाराला वाटलं, हा कोणी मिसरी बंडखोर असावा! गर्दीत एक जण एक ओरडतोय, दुसरा दुसरंच. नक्की गुन्हा काय ते कुणालाच धड माहीत नाही.

आता मला जिथे यायचं होतं तिथे येतो. पौलाला कैसरियात नेलं, रोमी सुभेदार फेलिक्ससमोर. पाच दिवसांनी यहूद्यांचा महायाजक हनन्या तिर्तुल्ल नावाचा वकील घेऊन आला. त्याचं भाषण वाच. आधी फेलिक्सची आरती: आपल्यामुळे केवढी शांतता, केवढ्या सुधारणा! (हा फेलिक्स राजाचा अधिकार गुलामाच्या वृत्तीने वापरायचा, असं रोमी इतिहासकार टॅसिटसनेच लिहून ठेवलंय.) मग आरोप: हा माणूस म्हणजे पीडा आहे, जगभरच्या यहूद्यांत दंगे पेटवतो, नासोरी पंथाचा (म्हणजे येशूच्या अनुयायांचा) पुढारी आहे, मंदिर विटाळायला निघाला होता.

पौल उठतो. यरुशलेमेत जाऊन बारा दिवससुद्धा झाले नाहीत, म्हणतो. मी कुणाशी वाद घातला नाही, गर्दी जमवली नाही, यांना यातलं काहीच शाबीत करता येणार नाही. इथे कुठलाही वकील खाली बसला असता. तूही बसली असतीस. आरोप शाबीत करणं हे आरोप करणाऱ्याचं काम, हे तुला पहिल्याच वर्षी शिकवलं असेल. मूळ ओरड करणारे आसिया प्रांतातले यहूदी तर कोर्टात हजरच नव्हते, आणि हा मुद्दाही त्याने सोडला नाही. कायदा त्याला कळत होता.

पण तो बसत नाही. म्हणतो, इतकं मात्र मी कबूल करतो, की ज्या मार्गाला हे पाखंड म्हणतात, त्याच मार्गाने मी आमच्या पूर्वजांच्या देवाची सेवा करतो.

कुणी विचारलं होतं? तिर्तुल्लाने 'पुढारी' म्हटलं, 'दंगेखोर' म्हटलं. ते खोटं होतं म्हणून त्याने फेटाळलं. पण त्या खोट्याच्या पोत्यात एक दाणा खरा होता: हा माणूस त्या पंथाचा आहे. पोतं फेकताना पौलाने तो दाणा वेचून हातावर ठेवला आणि म्हणाला, हा माझा.

माझं म्हणणं सगळं एवढंच आहे. जे खरं आहे ते कबूल कर. विरोधकाच्या तोंडून आलं तरी खरं ते खरं. तुझ्या मसुद्यात कायदा आहे, संताप आहे, घटनेचं पंचविसावं कलम दोनदा आहे, पण "इतकं मात्र मी कबूल करते" असं एकही वाक्य नाही. म्हणून ती सात पानं पोकळ वाजतात.

तू विचारशील, सर, तुमचा एवढा हट्ट का? सांगतो. तुझ्या आईलाही हे माहीत नाही.

1987 साली मी एका तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवत होतो. दहावीतल्या एका मुलाचा बोर्डाचा फॉर्म पैशांवाचून राहिला होता, तो मी भरला. पुढे तो संध्याकाळी घरी यायचा, निबंध तपासून घ्यायचा, तुझ्या काकूच्या हातचं खायचा. एकदा कपाटातलं शुभवर्तमान मागून घेऊन गेला. कुणीतरी संस्थेकडे अर्ज केला: सर पैसे चारून पोरं ख्रिस्ती करतात. संचालक मंडळाने बोलावलं. मी रात्रभर बसून उत्तर तयार केलं होतं, तुझ्यासारखंच, मुद्देसूद. अध्यक्षांनी विचारलं, "या मुलाशी तुमचा काय संबंध?" मी म्हणालो, "वर्गाबाहेर काही नाही."

दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर तो मुलगा बसला होता. त्याला साक्षीला बोलावलं होतं, मला कल्पना नव्हती.

मी सुटलो. अर्ज निकालात निघाला. जूनमध्ये निकाल लागला, पोरं पेढे घेऊन घरी आली, त्या वर्षी अठ्ठावीस जण आले. तो पास झाला होता, पण आला नाही. पेत्राने येशूला नाकारलं आणि कोंबडा आरवला, ती गोष्ट कुणीतरी काढेल म्हणून मी पुढे दोन वर्षं उत्तम शुक्रवारच्या उपासनेला मागे बसायचो.

पैसे चारले हे खोटं होतं. फॉर्म भरला हे खरं होतं. खोटं नाकारायच्या घाईत मी खरंही नाकारलं, आणि खऱ्याच्या जागी तो मुलगा बसला होता. तुझ्या तिसऱ्या पानाच्या जागी तुझी मैत्रीण बसलेली आहे. तिला ते उत्तर दाखवलं जाणार नाही असं तुला वाटतं का? नाताळची ती रात्र तिलाही आठवत असेल. तू लिहून देणार की ती घडलीच नाही?

त्यानंतर मी बदललो. काकू म्हणते, बिघडलो. पुढच्या शाळेत पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं, मी ख्रिस्ती आहे, गरजू मुलांची फी भरतो, कुणी काही वाचायला मागितलं तर देतो, तक्रार आली तर आधी मला विचारा. त्यांना ते उद्धट वाटलं. पर्यवेक्षकाची जागा दोनदा माझ्या हातून गेली आणि कारण मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. काकू अजून म्हणते, न विचारता बोलायची काय गरज होती? गरज होती. मी आजही तेच करीन. तिला हे मी पस्तीस वर्षं पटवतोय, तिला पटत नाही ते सोड.

तू त्या मुलीला जे बोललीस त्याबद्दल. कैसरियाच्या आधी, यरुशलेमेत यहूद्यांच्या न्यायसभेत हनन्याने तोंडावर मारायचा हुकूम दिला, तेव्हा पौलही भडकला होता. चुना फासलेली भिंत म्हणाला त्याला, देव तुला मारील म्हणाला. लोकांनी सांगितलं, अरे, हा महायाजक आहे. लगेच म्हणाला, भावांनो, मला ठाऊक नव्हतं, आपल्या लोकांच्या अधिकाऱ्याला वाईट बोलू नये असं शास्त्रात आहे. तिथल्या तिथे, भरल्या सभेत, गाल हुळहुळत असताना! तुझ्या गोष्टीला नऊ दिवस झालेत. जा आणि तिला सॉरी म्हण. उत्तर तयार होईपर्यंत थांबू नकोस.

त्याच सभेत पुढे त्याने परूशी आणि सदूकी या यहूद्यांच्या दोन पंथांत भांडण लावून दिलं. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय काढला, तो परूशी मानत, सदूकी मानत नसत, आणि सभा दुभंगली. ही चाल मला कधीच आवडलेली नाही. पण फेलिक्ससमोर त्याने तोही उद्गार आपणहून काढला: सभेत उभा राहून मी जे ओरडलो तेवढी एक गोष्ट सोडली तर यांनी माझा काय अपराध पाहिला ते सांगावं. आमचे पाळक म्हणतात, हा टोमणा आहे. मी म्हणतो, हीसुद्धा कबुली आहे. यावर आमचं दोनदा वाजलंय.

आता त्या प्रश्नाबद्दल, घराला काय मिळालं होतं. त्यावर तू दीड पान त्वेषाने लिहिलंयस. माझे पणजोबा 1876-77 च्या दुष्काळात मिशनच्या धान्यावर जगले. आमच्या घरात हे कुणी लपवलं नाही. ज्वारी मिळाली, त्यांनी खाल्ली, म्हणून मी आहे. गावात ज्या विहिरीवर त्यांना चढू देत नव्हते, त्या विहिरीचाही हिशेब कुणी मागितला तर देता येईल, पण आधी ज्वारी कबूल करायची. विचारणाऱ्या मुलीला तुझ्या संतापाची अपेक्षा आहे. "हो, धान्य मिळालं होतं" या उत्तराची नाही.

याने सुटका होते का? नाही होत. फेलिक्सने सगळं ऐकलं, त्याला या मार्गाची चांगली माहितीही होती, तरी खटला पुढे ढकलला. पौल पैसे देईल म्हणून वाट पाहत राहिला आणि दोन वर्षांनी त्याला तसाच बेड्यांत ठेवून निघून गेला. त्याच्या जागी फेस्त सुभेदार होऊन आला. त्याच्या दरबारात अग्रिप्पा राजा आणि त्याची बहीण बर्णीका थाटामाटाने येऊन बसले, तिथे पौलाने सर्वांत मोठी कबुली दिली: हे लोक आज माझ्याशी जे करतात ते मीच करत होतो, पवित्र जनांना मी तुरुंगात टाकलं, त्यांना मारायला माझी संमती होती.

दिमिष्काच्या वाटेवर येशूची वाणी ऐकून पौल बदलला, ती हकिकत कृत्यांत तीनदा येते. राजासमोर सांगताना मात्र तो त्या वाणीतलं एक वाक्य बोलून दाखवतो, जे त्याने पायऱ्यांवरून गर्दीला सांगितलं नव्हतं: पराणीवर लाथ मारणं तुला कठीण. तू पराणी पाहिली नसशील. माझ्या मामांकडे होती. बाभळीची काठी, टोकाला लोखंडी आर. औताचा बैल चिडून मागे लाथ झाडायचा, तेव्हा आर त्याच्याच पायात रुतायची. मामा काठी हलवायचेसुद्धा नाहीत. पौल राजाला सांगतोय, तो बैल मीच. फेस्त ओरडला, फार शिकून तुला वेड लागलंय! पौल म्हणाला, वेडा नाही, शुद्धीवर राहून खरं तेच बोलतोय. शेवटी अग्रिप्पा म्हणाला, याने कैसराकडे अपील केलं नसतं तर हा सुटला असता. तुमच्या वर्गात यावर चर्चा करा, अपील चुकलं का म्हणून. मला त्यात गोडी नाही.

मसुदा परत पाठवतोय. तिसऱ्या पानावर लाल रेघ आहे. चौथं आणि पाचवं काढून टाक, घटना रेक्टर मॅडमनी वाचलेली असेल. उरेल ते दोन पानांत बसेल. सुरुवात अशी कर: "नाताळच्या आदल्या रात्री ती स्वतःच्या इच्छेने माझ्याबरोबर चर्चला आली होती. मी तिला नको म्हटलं नाही." मग बाकी काय काय खोटं आहे ते एकेका वाक्यात सांग. आणि हे देण्याआधी मैत्रिणीला वाचून दाखव, कारण नाव तिचंही आहे. ती म्हणाली की नाताळचं लिहू नकोस, घरचे मारतील, तर मला लगेच फोन कर. मग वेगळा विचार करावा लागेल, आणि तो मला आत्ता सुचत नाहीये.

बुधवारी रात्री साडेनऊपर्यंत जागा आहे. काकूने डिंकाचे लाडू केलेत, पार्सल करायचे राहिलेत.

तुझा,
संडेस्कूलवाला सर