टपावर तंबू, डिकीत गादी

प्रश्न : आमची सात आसनी गाडी आहे. घरात आम्ही दोघे, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. दर वेळी दोन खोल्यांचे भाडे परवडत नाही. गाडीमागे ओढायचा पॉप-अप कॅम्पर घ्यावा, की टपावर बसवायचा तंबू? पाच जण नीट झोपायला हवेत.
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आधी पॉप-अप कॅम्परचा विचार करू, कारण मनात तोच भरतो. बंद असताना ही एक बुटकी पेटी असते. हँडल फिरवले की तारांच्या आणि पुलींच्या जोरावर चारही कोपऱ्यांतून छप्पर वर उचलले जाते. मग दोन्ही टोकांच्या खाटा बाहेर ओढायच्या, त्यांना तिरक्या लोखंडी दांड्यांचा टेकू द्यायचा आणि भोवतीचे कापड ताणून बसवायचे. झोपायला यासारखी सोय नाही. दोन खाटांवर चार जण आणि मधल्या बाकावर पाचवा. पण मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. गाडीच्या उत्पादकाने ओढण्याची मर्यादा दिलेली असली पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असेच लिहिलेले असते. नुसता हुक वेल्ड करून ती मर्यादा वाढत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हुकवर यावा लागतो. तो कमी पडला तर घाट उतरताना ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो. शिवाय सोसायटीत पार्किंगची दुसरी जागा लागेल. तुमच्या गरजेला आम्ही तो सुचवणार नाही.

टपावरचा तंबू सुचवू, पण पाचही जणांना वर चढवायचे नाही. रचना अशी करा : दोघे वर, दोघे गाडीत, एक खाली.

वर एक मोठा माणूस आणि नऊ वर्षांचे मूल. उघडल्यावर १४० सेंमी रुंद होणारा तंबू दोघांना पुरतो. तिघांना घेतले तर माणशी ४७ सेंमी येतात, म्हणजे रेल्वेच्या बर्थपेक्षाही कमी. रुंद तंबू घेतला तर वजन वाढते आणि टपाचे गणित बिघडते.

गाडीत सासूबाई आणि धाकटे मूल. तंबूतली गादी जमिनीपासून सुमारे दोन मीटर वर असते आणि रात्री लघवीला उतरायचे तर अंधारात शिडी. वयस्कर माणसाला ती उतरायला लावू नका. सहा वर्षांखालच्या मुलालाही वर झोपवू नये, झोपेत ते दाराच्या जाळीवर रेलते. मधली आणि मागची रांग पाडल्यावर पुढच्या सीटच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत किती लांबी मिळते ते टेपने मोजा. दोन रांगांमधला खड्डा १२ मिमी प्लायवूडने झाका. दोन तुकडे बिजागरीने जोडले की घडी होते. वर सात-आठ सेंमी जाडीचा फोम. मग एका दुपारी पार्किंगमध्येच सासूबाईंना तासभर आडवे व्हायला सांगा. पाय ताठ होतात का, कुशीवर वळताना खांदा चाकावरच्या उंचवट्याला लागतो का, हे त्या एका तासात कळते. रात्री समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटे उघड्या ठेवून बाहेरून मच्छरदाणीची जाळी लावा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाडीत कुणीही झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. याच कारणासाठी तंबूत शेगडी किंवा कोळसा नेऊ नका, थंडी कितीही असो.

पाचवा माणूस खाली. घडीच्या तंबूचा जो अर्धा भाग गाडीबाहेर शिडीवर टेकतो, त्याच्याखाली कापडी खोली लावता येते. त्यात एक चटई आणि गादी. पाऊस नसेल तर हीच जागा सर्वांत हवेशीर.

आता वजन. टप किती भार पेलतो याचे दोन वेगळे आकडे असतात आणि दुकानात ते सर्रास एकमेकांत मिसळून सांगतात. पहिला गाडी धावत असतानाचा, जो गाडीच्या पुस्तिकेत असतो. समजा तो ७५ किलो आहे. तंबू ५८, तो ज्यांवर बसतो ते आडवे बार ६, वर ठेवलेली पांघरुणे ४ : झाले ६८. इतक्यात बसते, त्यावर आणखी बॅग बांधली की ब्रेक लावताना आणि वळणावर टपाच्या जोडांवर मर्यादेबाहेर ताण येतो. दुसरा आकडा गाडी उभी असतानाचा. झोपलेल्या दोघांचे १०० किलो धरले तर एकूण १६० च्या पुढे जाते. उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा बराच जास्त भार पेलते, पण तो आकडा गृहीत धरू नका, बार बनवणाऱ्याकडून लेखी घ्या.

टप, रूफ रेल (टपाच्या दोन कडांच्या लांब दांड्या) आणि आडवे बार या तिघांत ज्याची मर्यादा सर्वांत कमी, ती तुमची मर्यादा. इथेच बहुतेक जण फसतात. अनेक गाड्यांवरचे रूफ रेल नुसते शोभेचे असतात आणि पुस्तिकेत बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. अशा रेलवर तंबू बसवायचाच नाही. रेल भार पेलणारे असतील तर दोन बारमध्ये ७० ते ८० सेंमी अंतर ठेवा. तंबूच्या तळाच्या खाचेत एम-८ बोल्ट सरकवा, खालून पट्टी आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), १३ नंबरचा पाना. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून आठही नट पुन्हा तपासा. नवी रबरे दबतात आणि नट सैल पडतात. टप कापणे किंवा सांगाड्याला वेल्डिंग करणे म्हणजे वाहनाच्या मूळ रचनेत बदल, तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. काढता-घालता येणाऱ्या जोडणीबद्दलही आपल्या आरटीओत विचारून आणि विमा कंपनीला कळवूनच पुढे जा.

प्रश्न : पावसाळ्यात एक मुक्काम केला. सकाळी गादी खालून ओली होती. दोन आठवड्यांनी तंबू उघडला तर कापडावर काळे ठिपके. तंबू गळका निघाला का?
— नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : बहुधा नाही. ओल गादीच्या खाली असेल आणि कापडाची शिवण कोरडी असेल, तर तो तळाच्या ॲल्युमिनियम पत्र्याला सुटलेला घाम आहे. एक मोठा माणूस रात्रभरात श्वास आणि घामातून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. ती वाफ गादीतून खाली उतरते, गार पत्र्यावर पाणी होते आणि फोम ते शोषतो. गादीखाली दोन सेंमी जाडीची जाळीदार चटई अंथरा, म्हणजे मध्ये हवा खेळते. पाऊस असला तरी दोन बाजूंच्या खिडक्यांचा वरचा कोपरा उघडा ठेवा. सगळे बंद केले की ओल जास्तच होते.

शिवणीच्या रेषेत थेंब दिसत असतील तर मात्र गळती. कॉटनमिश्रित कापड नवे असताना सुईची भोके मोकळी असतात. वापरण्याआधी तंबू उघडून पाइपने पूर्ण भिजवा, तसाच ताणलेला वाळू द्या आणि हे दोनदा करा. दोरा फुगतो आणि भोके बुजतात. तरीही झिरपले तर तेवढ्याच जागी आतून सीम सीलर (शिवण बुजवायचा लेप) लावा.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. आधी कापड पूर्ण वाळवा, मऊ ब्रशने कोरडीच झाडा, मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, अर्धा तास ठेवा, साध्या पाण्याने धुवा. ब्लीच लावू नका. डाग फिका होतो पण जलरोधक थर आणि दोरा दोन्ही जातात. डाग पूर्ण जाणार नाहीत, वास जायला हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवाच ओली, त्यामुळे ओला तंबू मिटावा लागला तर घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तो उघडलाच पाहिजे. पार्किंगमध्ये उघडून टेबलफॅन दाराकडे तोंड करून चार-पाच तास लावा. गादी वेगळी काढून उभी ठेवा. कोपऱ्यांच्या शिवणी सर्वांत शेवटी वाळतात, तिथे हात लावून बघितल्याशिवाय मिटू नका.

आणखी एक, कारण तुम्ही खाडीजवळ राहता. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचे बोल्ट असतात आणि खाऱ्या दमट हवेत त्या जोडापाशी ॲल्युमिनियम पांढरे पडून खंगते. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला आणि वर्षातून एकदा ग्रीस लावा.

प्रश्न : आमच्या बेसमेंटची उंची २.१ मीटर. तंबू बसवून गाडी आत जाईल का?
— कोपरी, ठाणे

उत्तर : गाडी १.८४, बार ०.१०, मिटलेला तंबू ०.३० : बेरीज २.२४ मीटर. नाही जाणार. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, पण दहा सेंमी तरी मोकळे राहायला हवेत. उतार संपून जमीन सपाट होते त्या जागी गाडीचा मागचा भाग वर असतो आणि तुळई तिथेच लागते. स्प्रिंकलरचे नळ तुळईपेक्षाही खाली असतात, तेही मोजा. उघड्यावरची जागा बदलून मिळते का ते सोसायटीत विचारा. नाहीतर प्रत्येक सहलीला तंबू चढवणे-उतरवणे आले. ५८ किलो दोघांनी उचलून टपापर्यंत नेणे पाठीला महाग पडते, तिघे-चौघे हवेत.

प्रश्न : मुक्कामाची जागा कशी निवडावी? रात्री डोके खाली जातेय असे वाटत राहते.
— खारघर, नवी मुंबई

उत्तर : गाडी तिरकी उभी आहे. फक्त तीन अंशांचा उतार असला तरी २.१ मीटर लांबीच्या गादीच्या दोन टोकांत ११ सेंमीचा फरक पडतो. तंबू उघडण्याआधी तळावर पाणसळ ठेवा, खालच्या चाकाखाली फळी घालून गाडी वर घ्या, आणि तरी फरक उरला तर उंच बाजूला उशी करा. हँडब्रेक, गिअर आणि दोन चाकांना गुटके हे तिन्ही हवेत.

जागा शक्यतो शौचालय असलेली, पैसे देऊन घेतलेली : भंडारदरा किंवा पवना परिसरात अशा जागा आहेत. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम नको. पावसाळ्यात माळशेजसारख्या घाटात कड्याखाली, आणि कधीही धरणाच्या खालच्या नदीपात्रात गाडी लावू नका. झाडाखाली सावली मिळते, पण वाळकी फांदी डोक्यावर आहे का ते आधी बघा. वीज कडाडू लागली तर सगळ्यांनी खाली उतरून गाडीत बसायचे आणि काचा वर. वारा इतका वाढला की कापड फडफडून झोप मोडते, तेव्हाच तंबू मिटायला घ्या. आणखी वाढल्यावर तो दोघांना आवरत नाही.