फुफ्फुसाच्या कॅन्सरने मुख्य श्वासनलिका दाबली गेलीय. दुर्बिणीतून स्टेंट (श्वासनलिका आतून उघडी धरणारी छोटी नळी) टाकल्याने दम कमी होईल का?

हो, बहुतेकांचा होतो, फरक बऱ्याचदा त्याच दिवशी जाणवतो. पण कॅन्सर त्याने बरा होत नाही. गाठ नळीच्या आत वाढली असेल तर ती लेसरने जाळून, तुकडे काढून वाट मोकळी करतात. बाहेरून दाब असेल तर आत जाळण्यासारखं काही नसतं, तिथे स्टेंटच लागतो. त्यात कफ साचतो, त्यामुळे नेब्युलायझर चुकवू नका. डॉक्टरांना एक मात्र नक्की विचारा: अडथळ्याच्या पलीकडचं फुफ्फुस सीटी स्कॅनमध्ये शाबूत दिसतंय का? ते फार दिवस मिटलेलं असेल किंवा पुढच्या बारीक नळ्याही गाठीने भरल्या असतील, तर मोठी नळी उघडूनही दम फारसा कमी होत नाही.