गावांच्या नावांचे प्रकार कसे पाडतात, आणि त्यातून तिथल्या संस्कृतीबद्दल खरंच काही कळतं का?

तुमच्या प्रश्नाच्या शेपटाला एक छोटा प्रश्न आहे, मला तोच जास्त आवडला. "आमचं गाव हिवरे खुर्द. खुर्द म्हणजे लहान असं सगळे सांगतात. मग ते शेजारच्या हिवरे बुद्रुकपेक्षा मोठं कसं?" आधी त्याचंच उत्तर देतो, बाकीचं ओघात येईल.

बुद्रुक म्हणजे मराठी तोंडात झिजलेला फारसी 'बुजुर्ग'. मोठा, वडीलधारा. खुर्द म्हणजे लहान. जुन्या कागदांत आणि आजही सातबाऱ्यावर त्यांचं बु॥ आणि खु॥ होतं. पण हे माप नाव पडलं त्या दिवसाचं. एकाच नावाच्या दोन वस्त्यांत थोरली कुठली आणि धाकटी कुठली, एवढंच कारकुनाला नोंदवायचं होतं. पुढे धाकटीच्या अंगावरून डांबरी रस्ता गेला, कॅनॉल आला, बाजार भरायला लागला, ती वाढली. धाकटा भाऊ उंचीने थोरल्याच्या वर गेला म्हणून त्याला कोणी दादा म्हणत नाही. तसंच हे.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. टपालात सॉर्टर होतो, चौतीस वर्षं. समोर लाकडी खण, हातात पाकिटांचा गठ्ठा, आणि एकेक पत्ता वाचून पाकीट त्या त्या खणात. म्हणजे गावांच्या नावांचं वर्गीकरण मी आयुष्यभर केलं, फक्त ते अर्थावरून नव्हतं, कुठली बॅग कुठे उतरते यावरून होतं. अर्थाचा नाद रात्रपाळीत लागला. पहाटे तीन वाजता 'मु. पो. वडगाव' एवढंच लिहिलेलं पाकीट हातात आलं की माणूस तत्त्वज्ञ तरी होतो किंवा चिडतो तरी. वडगाव कुठलं? वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, की आणखी कुठलं? १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड सुरू झाला त्याचं एक मोठं कारण हेच होतं, एका नावाची अनेक गावं. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. नावांचा गोंधळ आकड्यांनी सोडवणारा माणूस शब्दांचा निघावा, याची मला कायम गंमत वाटत आली आहे.

आता शास्त्रीय प्रकार. जॉर्ज स्ट्यूअर्ट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने केलेली विभागणी बरीच वापरली जाते. त्याचा प्रश्न एकच होता, हे नाव ठेवताना ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं? जागेचं वर्णन, मालकाचं नाव, घडलेला प्रसंग, कुणाची आठवण, गौरव, दुसरीकडून उचलून आणलेलं नाव, मुद्दाम बनवलेलं, चुकून पडलेलं, आणि मूळ अर्थ विसरल्यावर लोकांनी नवा अर्थ चिकटवलेलं. दुसरी पद्धत प्रत्ययावरून, आणि तिसरी नाव मुळात कुठल्या भाषेतलं आहे त्यावरून. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावांच्या नावांचा अभ्यास केला तो मुख्यतः या शेवटच्या दोन वाटांनी.

पण मराठी गावाचं नाव यांतल्या एकाच खणात बसत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या काळात पडलेला असतो.

पहिला तुकडा बहुतेक वेळा झाड, पाणी नाहीतर दगड. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, बाभूळगाव, आंबेगाव, कवठे, आणि तुमचं हिवरे (हिवर हे बाभळीच्या जातीतलं काटेरी झाड). चिंचवडमध्ये तर चिंच आणि वड दोन्ही. तळेगाव, झरी, पाथर्डी, खडकी, माळेगाव. एक बघा, यांत शोभेचं झाड नाही. ज्याखाली बैल बांधता येतो, ज्याचा पाला शेळी खाते, ज्याचं लाकूड औताला चालतं किंवा ज्याखाली देव बसवता येतो, तेच झाड नावात आलं. वाघोलीत आज टॉवर उभे आहेत, वाघ फक्त नावात.

दुसरा तुकडा प्रत्यय. गाव म्हणजे ग्राम. डोंबिवली, बोरिवली, कणकवलीतला 'वली' हा पल्लीचा, म्हणजे छोट्या वस्तीचा. संगमनेर, पारनेर, अंमळनेरमधला 'नेर' म्हणजे झिजलेलं नगर. पेठ आली की व्यापार आला, पाडा म्हटलं की आदिवासी वस्ती, तांडा म्हटलं की बंजारा. तांड्याचा अर्थच मुळात चालता काफिला. लदेणीचे बैल घेऊन फिरणारी माणसं एका जागी स्थिरावली, शब्द मात्र चालताच राहिला.

आणि तिसरा तुकडा, शेपूट. सगळी मजा इथे आहे, कारण शेपूट गरजेपोटी लागतं. तळेगाव दोन झाली तेव्हा वेगळेपणा दाखवायला त्या गावाने काय निवडलं? एकाने दाभाडे, दुसऱ्याने ढमढेरे. म्हणजे गावाची ओळख वतनदार घराण्यावरून. लोणी काळभोर, लोणी भापकर, वडगाव निंबाळकर तसेच. सिंदखेडला 'राजा' लागलं ते जाधवरावांमुळे, जिजाबाईंच्या माहेरामुळे. कवठे यमाई आणि कवठे महांकाळ यांनी दैवत निवडलं. हे शेपूट कधी नावाच्या आधीही लागतं. निफाडजवळ कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे आहेत, तिकडे सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज. कसबा म्हणजे बाजारपेठेचं, कचेरीचं गाव आणि मौजे म्हणजे नुसतं शेतीचं. त्या शेपटात महसुलाची सबंध उतरंड आहे. आणि माझी सर्वांत लाडकी जोडी पुण्याजवळची, देवाची आळंदी आणि चोराची आळंदी. वर म्हातोबाची आळंदी वेगळीच. नवीन पोरगा सॉर्टिंगला आला की त्याला 'चोराची' लिहिलेलं पाकीट द्यायचं आणि तोंड बघायचं, ही आमची जुनी खोडी.

शेपटाला फारसी शब्द लागतात यावरून 'मुसलमानी अंमलात गावं वसली' असा निष्कर्ष मात्र काढू नका. गाव आधीचंच. वसुलीची यादी करणाऱ्याची भाषा फारसी होती, म्हणून शेपूट फारसी. खानदेशात खेडदिगर आहे. दिगर म्हणजे 'दुसरं'. यादीत दुसऱ्यांदा आलेलं खेड! कारकुनाचा कंटाळा असा कायमचा नकाशावर बसतो.

आकडे असलेली नावं जपून घ्यावीत. गोव्यातलं तिसवाडी म्हणजे तीस वाड्या आणि सासष्टी म्हणजे सहासष्ट गावं, ही परंपरेने चालत आलेली मोजणी आहे. पण सोलापूर म्हणजे सोळा गावांचं पूर, हे ऐकायला कितीही छान वाटलं तरी बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या गावाचं नाव कन्नड लेखांत सोन्नलिगे असं येतं. त्या नावाचा कानडी अर्थ विसरला आणि मराठी कानाला त्यात 'सोळा' ऐकू आला. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती खोटी म्हणून फेकायची नसते. भीमाकाठी एकेकाळी कानडी किती खोल रुजलेली होती, हे त्या विसरण्यातूनच कळतं. लोणारचंही तसंच. लोक सांगतात लवणासुर. उल्का पडून झालेल्या त्या विवरात खारं पाणी साचलं आहे. राक्षस काल्पनिक, पण मीठ खरं, आणि नावाने ते मीठ धरून ठेवलं.

प्रसंगावरून पडलेलं नाव म्हणाल तर पावनखिंड. १६६० च्या आधी ती घोडखिंड होती. सिंहगड मात्र तानाजींमुळे पडलेलं नाव म्हणून सांगतात, ते नाव १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही सापडतं असं इतिहासाचे अभ्यासक दाखवतात. 'गड आला पण सिंह गेला' इतकं चपखल बसलं की नावाने आपला जन्मच पुढे ढकलून घेतला.

एकच शहर सगळे खण कसं फिरून येतं, हे बघायचं असेल तर मराठवाड्यात या. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी राजधानी वसवली. खडकाळ जागा म्हणून खडकी, शुद्ध वर्णन. १६२६ मध्ये तो वारल्यावर मुलाने, फतेहखानाने, तिला फतेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना औरंगाबाद झालं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. पहिलं नाव जागेकडे बघून पडलं, नंतरची सगळी सत्तेकडे बघून. कुठलं योग्य या वादात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की वर्णनाचं नाव एकदा गेलं की परत कोणी मागायला येत नाही. खडकीसाठी मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

संस्कृतीबद्दल काय कळतं, याचं सर्वांत कडू उत्तर मात्र पाकिटांच्या खालच्या ओळीत मिळायचं. मु. पो. अमुक, आणि त्याखाली महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. अख्खा पत्ता वाचायच्या आधी माणसाची जात वाचून व्हायची. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. पण पाठवणाऱ्यांनी वाट पाहिली नव्हती. माझ्या नोकरीच्या सुरुवातीपासून बौद्धवाडी, भीमनगर असे पत्ते यायचे, त्याच गावचे, त्याच वस्तीचे. १९५६ ला नागपुरात जे घडलं त्याची पोचपावती आम्हाला अशी पंधरा पैशांच्या कार्डावर मिळत होती. जुनी नावं इतिहास म्हणून ठेवावीत, असं म्हणणारे मला भेटतात. इतिहास कागदपत्रांत राहू दे, रोजच्या पत्त्यावर त्याची गरज नाही.

उलटाही प्रवास असतो, गावाचं नाव माणसावर जातं. आपले 'कर'. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, आणि त्यांनी गावाचं नाव आडनाव म्हणून घेतलं. त्यांतले पुष्कळ जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. पेण तिकडे नेता येत नाही, पेणकर म्हणून जाता येतं. मुंबईच्या मशीद स्टेशनचं नावही यांच्याच, स्टेशनजवळच्या जुन्या सिनेगॉगवरून पडलं, असं मानलं जातं. लोक त्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत.

तुमच्या गावाचं खोलात बघायचं असेल तर गावाच्या नावावर थांबू नका, शिवारात उतरा. पांढरी कुठे होती (म्हणजे जुनी वस्ती), हाडकी-हाडोळा कुठला (महारवतनाची जमीन), देवाचं इनाम कोणतं, कुठल्या पट्टीला कोणाचं नाव. ही नावं नकाशावर नसतात, ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या तोंडी असतात, तेव्हा दिवाळीला घरी जाल तर हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि दोन्ही हिवऱ्यांपैकी कुठल्याच्या शिवारात अजून हिवर उभा आहे, तेवढं मला कळवा. खुर्दात निघाला तर मला आनंद होईल.