दिवाळी कोणती, ते आधी कळवा

पाचोऱ्याहून एका शेतकरी वाचकाने विचारले आहे: किराणा, मुलीची फी, घरच्यांचे ऑपरेशन, सगळे क्रेडिट कार्डावर भागवले. शेवटचा भरणा मार्च २०२२ मध्ये केला. दिवाळीनंतर 'मुदत द्या' असा अर्ज शाखेत दिला. आता वसुलीवाला म्हणतो, हजार रुपये भरून या कागदावर सही करा, सेटलमेंट करून देतो. करू का?

भाऊ, महिन्याला अशी दोन-तीन पत्रे येतात. 'मिनिमम ड्यू' भरत राहिल्याने काय होते ते तुम्ही भोगलेच आहे, ते उगाळत नाही. सगळे अडले आहे त्या अर्जाच्या तारखेवर, आणि नेमकी तीच तुम्ही लिहिलेली नाही. झेरॉक्सही ठेवली नाही! दोन रुपयांचे काम होते.

मुदत कायद्याप्रमाणे बँकेला दाव्यासाठी ३ वर्षे मिळतात. कोरोनामुळे या मुदतीतून वगळलेला काळ २८ फेब्रुवारी २०२२ ला संपला, तुमचा भरणा त्यानंतरचा. मोजणी भरण्यापासून की थकल्यापासून, यावर वाद होईल, पण ढोबळमानाने मुदत २०२५ च्या पूर्वार्धात सरते. अर्ज २०२४ च्या दिवाळीनंतरचा असेल, तर कलम १८ खाली देणे तुमच्याच सहीने कबूल झाले आणि नवी ३ वर्षे सुरू झाली, असे बँक म्हणेल. २०२५ च्या दिवाळीनंतरचा असेल, तर सरलेली मुदत नुसत्या कबुलीने परत येत नाही. मात्र करार कायद्याचे कलम २५(३) आहे: मुदत सरलेले देणे फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन त्याखाली बांधून घेते. 'कापूस विकला की बघतो' लिहिले असेल तर गोष्ट वेगळी, 'भरतो' लिहिले असेल तर ते नवे वचन ठरू शकते. अर्ज वाचल्याशिवाय यापुढे बोलणार नाही.

वसुलीवाल्याच्या कागदातही बहुधा हेच 'भरतो' असते. सही करू नका, हजार रुपयेही देऊ नका.

उद्याच शाखेत जा आणि आवक शिक्क्यासह अर्जाची नक्कल लेखी मागा. त्या पत्रात कार्डाचा नंबर तेवढा लिहा, 'माझी थकबाकी' हे शब्द नकोत. पोच घ्या, आणि या वेळी तिची झेरॉक्स काढा.

मुदत सरली तरी देणे फिटत नाही, सिबिल खराबच राहते. फक्त दावा टिकत नाही. पण समन्स आले तर तारखेला हजर राहा, घरी बसून एकतर्फी हुकूम ओढवून घेऊ नका. तारीख २०२४ ची निघाली, तर तडजोड करा: आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, मग पैसे.