शुक्रवारची खोली

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

म्युनिकहून आलेलं तुझं पत्र परवा वाचलं. ‘रविवारी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही’ या वाक्यापाशी अडलो. पुढे लिहिलंस, तिथल्या मराठी मंडळींत जायला मन घेत नाही. परत आपल्याच माणसांत जाऊन बसायचं तर घर सोडलं कशाला? तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या तरी ते डोक्यातून जाईना.

आपल्या माणसांची ओढ लागणं हा कच्चेपणा नव्हे रे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. बोटीनं विलायत गाठायला दोन-अडीच आठवडे लागायचे, तेव्हाचं. ती माणसं काही लेचीपेची नव्हती.

मी १९८९ साली दुबईला गेलो. देरा भागात एका खोलीत आम्ही सहा जण. सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी अब्रात, म्हणजे तिथल्या होडीत बसून खाडी ओलांडायची आणि बर दुबईत एका रत्नागिरीकराच्या खोलीवर जायचं. पिठलं-भात, आणि आठ दिवसांपूर्वीचा मराठी पेपर. तो घड्यांवर फाटलेला असायचा. एकजण मोठ्यानं वाचायचा. कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, ही बातमीसुद्धा आम्ही दोनदा वाचायला लावायचो. घरच्या पत्रात ‘मी मजेत आहे’ लिहायचो; खरं काय ते त्या खोलीत बोलायचो.

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्या रत्नागिरीकराचा भाऊ तिकडे अडकलेला, फोन लागेना. तीन आठवडे आमच्यातला कुणी ना कुणी रात्री त्याच्याकडे झोपायला जायचा. धीर द्यायला शब्द नव्हतेच कुणाकडे, नुसतं शेजारी पडून राहायचं. पुढे सरकारनं अम्मानहून विमानांनी लाखाहून जास्त आपली माणसं मुंबईला आणली, त्यांत तो भाऊ सुखरूप आला.

पण ‘आपली माणसं’ म्हणजे मराठीच, असं मात्र धरून बसू नकोस. मला कांजिण्या आल्या तेव्हा खोलीतले चौघे दुसरीकडे राहायला गेले. त्यांची चूक नव्हती, आजारी पडले तर पगार कापला जायचा. मागे राहिला तो त्रिशूरचा एक वेल्डर. त्याला लहानपणीच येऊन गेल्या होत्या. नऊ दिवस त्यानं मला भाताची पेज करून घातली, वर भाजलेला पापड. तो म्हणायचा कंजी, मी म्हणायचो पेज. चव तीच होती, माझ्या आजीच्या हातची. त्याला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम. घर सोडून आलेला माणूस दुसऱ्याला न सांगता ओळखतो, एवढं मला त्या नऊ दिवसांत कळलं. तुझ्या वसतिगृहातही असे असतील. कुठल्याही देशाचे असोत, त्यांचाही रविवार तुझ्यासारखाच जात असेल.

एका गोष्टीला जप. काही बैठकांत त्या देशाला नावं ठेवण्यापलीकडे काही होत नाही. तिथून येताना मन जड होतं. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा जाऊ नकोस.

आता कामाचं. रविवारी तिथे दुकानं बंद, म्हणून भाजी-तांदूळ शनिवारीच आण. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. अंधार पडायच्या आत कुणाच्या तरी दारावर टकटक कर. एप्रिलमध्ये नवी मुलं येतील. तिथे नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. तू त्यातून गेलायस, तेव्हा एखाद्याबरोबर त्या ऑफिसात जा. नुसतं घ्यायला गेलं की संकोच वाटतो, हातात काही काम असलं की पाय आपोआप वळतात.

तुझ्या आईकडे गोडा मसाला दिलाय, अर्धा किलो. एकट्याच्या आमटीला तो वर्षभर पुरेल. मला तो फेब्रुवारीतच संपलेला हवाय. संपला की कळव, दुसरा पाठवतो.

तुझा,
काका