मम्मीशी खोटं मात्र बोलू नकोस

बाळा,

काल रात्री तुझ्या मम्मीचा फोन आला होता. पाऊण तास बोलली, त्यातला अर्धा वेळ नुसती रडत होती, की आंटी तुम्ही तरी याला समजवा, रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला येत नाही म्हणतो, बाप्तिस्म्यानंतरचं कन्फर्मेशन नको म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं असणार. मी हो हो म्हटलं तिला, पण हे पत्र तुला समजवायला लिहीत नाहीये. तुमचं भांडण कशावरून सुरू झालं तेही सांगितलं तिने. तुमच्या शेजारचा तुझा मित्र, ज्याच्या घरच्या गणपतीत तू पाच दिवस राबतोस, त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून तो स्वर्गात जाणार नाही का, असं तू विचारलंस आणि ती म्हणाली असले प्रश्न विचारायचे नसतात. मग तू म्हणालास असा देव मला नको.

प्रश्न चांगला आहे रे. आणि त्यावर चर्च गप्प बसलेलं नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहून ठेवलंय की स्वतःचा काही दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि आपल्या सदसद्विवेकाला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मम्मीला हे कोणी सांगितलंच नसेल, आमच्या पिढीला वसईत धर्म शिकवला तो पाठांतरानेच, प्रश्न आणि उत्तर दोन्ही पुस्तकातलं. त्यामुळे पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला की घाबरायला होतं. तुला वाटलं ती तुझ्या मित्राला नरकात टाकतेय. तिला फक्त उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही हे पोराला कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

अजून एक गोष्ट. तुमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये वरच्या कप्प्यात एक पांढरी मेणबत्ती आहे बघ, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, वात थोडी काळी झालेली. ती तुझ्या बाप्तिस्म्याची. त्या दिवशी मी तिथेच होते. ती पेटवल्यावर फादर आईबापाला सांगतात की ही ज्योत तुमच्यावर सोपवली आहे, ती तेवत ठेवा. तुझ्या मम्मीने ते अगदी शब्दशः घेतलंय. तू रविवारी पांघरूण डोक्यावर ओढून झोपतोस तेव्हा तिला ती मेणबत्ती दिसते. ऑक्टोबरात रोझरीच्या, जपमाळेच्या प्रार्थनेला आलेल्या बायका काय म्हणतील हेही असतंच तिच्या मनात, नाही असं नाही, पण ते नंतरचं.

आता माझं सांगते, हे तुझ्या मम्मीलाही कालच पहिल्यांदा सांगितलं. माझी मुलगी सोळाची असताना तिनेही असंच सुरू केलं होतं आणि मी तिचा मोबाईल काढून घेतला, म्हटलं मिस्सा नाही तर मोबाईल नाही. ती लगेच जायला लागली, मी खूश. दुपारी जेवताना मी विचारायचे आज गॉस्पेल काय होतं, फादर काय बोलले, आणि ती सगळं बरोबर सांगायची. वर्षभराने कळलं की ती चर्चमध्ये जातच नव्हती. तलावपाळीवर बाकावर बसायची, मिस्सा सुटला की बाहेर आलेल्या मैत्रिणीकडून गॉस्पेल आणि सर्मन ऐकून घ्यायची आणि घरी येऊन मला म्हणून दाखवायची. देवावरचा विश्वास मी तिला काही देऊ शकले नाही, खोटं बोलायची सवय मात्र मी लावली, आणि ती मोडायला आम्हा दोघींना कितीतरी वर्षं लागली.

संत मोनिकाचं नाव आया नेहमी घेतात, मुलासाठी रडली, प्रार्थना केली, मुलगा परत आला. मधलं कोणी सांगत नाही. तिचा हा मुलगा ऑगस्टीन दुसऱ्याच पंथात गेला तेव्हा तिने आधी त्याला घरात जेवायला घेणंसुद्धा बंद केलं होतं, नंतर एक स्वप्न पडलं आणि तिने त्याला परत आपल्या पंगतीला बसवलं. ती एका बिशपकडे गेली की तुम्ही याच्याशी वाद घाला, त्याची समजूत काढा, तर तो बिशप, जो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढला होता, नाही म्हणाला. सोड त्याला, तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. आणि ऑगस्टीनने काय केलं, तर आईला खोटं सांगून रात्रीच्या जहाजाने रोमला निघून गेला, ती बिचारी जवळच्या चॅपेलमध्ये प्रार्थना करत बसलेली. ३८७ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. तू सतराचा आहेस.

म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे, मम्मीशी खोटं बोलू नकोस. तिला खूश करायला कन्फर्मेशन घेऊ नकोस. लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी तुझ्या वतीने आम्ही जी वचनं दिली ती त्यात तू स्वतःच्या तोंडाने देतोस, मनात नसताना कशी देणार? ते पुढे कधीही घेता येतं, अगदी मोठेपणी पण. फादरना स्वतः जाऊन सांग, हवं तर मी येते सोबत. घरी रोझरीला सगळ्यांबरोबर बस, शब्द म्हणावेसे नाही वाटले तर नको म्हणू, पण दार लावून आत जाऊ नकोस, तिला ते फार लागतं. आणि हा विषय रविवारी सकाळी काढू नकोस रे, ती साडी नेसत असते, पप्पा गाडीची चावी शोधत असतात, तेव्हा कोणाचंच कोणी ऐकत नाही. मधल्या वारी संध्याकाळी चहा घेताना बोल, आणि "माझा विश्वास नाही" अशी सुरुवात न करता "मम्मी, मला हे कळत नाहीये" असं म्हण. खरं तेच आहे ना?

तिच्याकडूनही मी कबूल करून घेतलंय, मोबाईल, पॉकेटमनी यातलं काही मिस्साला बांधायचं नाही, सर्मनची परीक्षा घ्यायची नाही. प्रार्थना ती करणार, तिला अडवू नकोस.

माझी मुलगी आता पुण्याला असते. ख्रिसमसला येते, कधी मिस्साला येते कधी नाही येत. नाही यायचं असेल तर आदल्या रात्रीच सांगते, मम्मा मी उद्या येत नाहीये. मी एकटी जाते, येताना दोघींसाठी गरम पाव आणते.

बुधवारी साडेसहानंतर मी तलावपाळीवर फिरायला असते, ये. मित्रालाही आण. घरी सांगून ये.

तुझी आंटी