शेत तारण ठेवून यूकेत नर्सिंग करायचं का? हा हिशोब बघ

निपाणीहून तू विचारलंयस की पीयूसी सायन्स (बारावी) झाली, एजंट म्हणतोय बीएससी नर्सिंग थेट इंग्लंडमध्येच कर, तीन वर्षांची फी 60 लाख, पप्पा शेत तारण ठेवून लोन काढायला तयार आहेत, राहण्या-खाण्याचं पार्ट टाइम जॉबमधून सुटेल आणि नर्स झालं की वर्षाला 35 लाख पगार, तर अक्का जाऊ का. नर्सिंग जरूर कर, बाहेर पण ये, पण डिग्री आपल्याकडंच कर आणि शेताला हात लावू देऊ नकोस.

मी खानापूर तालुक्यातली, बीएससी बेळगावात केली, तिथंच आयसीयूत काम केलं आणि आता इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या हॉस्पिटलात बँड 5 ची (नर्सची सुरुवातीची पगारश्रेणी) स्टाफ नर्स आहे. तर आधी तो 35 लाखांचा आकडा. एजंट खोटं बोलत नाहीये, 2025-26 ला बँड 5 ची सुरुवात वर्षाला 31,049 पाउंड होती, पाउंड 115 रुपये धरला तर 35 लाखांच्या वरच जातं. पण तो कापायच्या आधीचा पगार बघ. इन्कम टॅक्स जातो, नॅशनल इन्शुरन्स जातो, एनएचएसची पेन्शन जाते, आणि हातात महिन्याला 2,000 पाउंडाच्या आसपासच पडतात. नाईट आणि शनिवारला 30 टक्के, रविवारला 60 टक्के जादा मिळतात, त्यामुळं नाईट घेतल्या तर थोडं वाढतं. आता लंडनच्या बाहेर चौघींच्या घरात एक खोली घेतलीस तरी 600-650 गेले, खाणं, बस, फोन, थंडीतलं हीटिंग, वर्षाला गावी यायचं तिकीट, असं सगळं जाऊन नीट राहणाऱ्या मुलीकडं 800 पाउंड शिल्लक राहतात, म्हणजे 92 हजार रुपये. आपल्याकडच्या मानानं ही मोठीच रक्कम आहे, पण लोन फेडायचं ते ह्यातूनच, त्या 35 लाखातून नाही.

आता लोन. 60 लाख तीन हप्त्यात उचलले, व्याज 10 टक्के धरलं, तर कोर्स संपेपर्यंत साध्या व्याजानं पण 72 लाख होतात आणि दहा वर्षांचा ईएमआय 95 हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे दहा वर्षं तुझी सगळी शिल्लक बँकेला, घरी एक रुपया नाही, आणि तेही पहिल्याच महिन्यापासून नोकरी लागली तर. ते पण आता सोपं राहिलेलं नाही, इथंच शिकलेल्या इंग्लिश मुलींना 2025 मध्ये बँड 5 च्या जागा मिळायला त्रास झालाय.

पार्ट टाइमवर तर अजिबात विसंबू नकोस. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि 18 ते 20 वयाला किमान मजुरी 2025-26 ला तासाला 10 पाउंड होती, म्हणजे सगळे तास मिळाले तरी महिन्याला 860, आणि राहण्या-खाण्यालाच हजाराच्या वर लागतात. त्यात इथल्या नर्सिंग डिग्रीला 4,600 तास भरावे लागतात, निम्मे वॉर्डात, आणि त्या वॉर्डातल्या तासांना पगार नसतो. माझ्या वॉर्डात बाहेरून आलेल्या स्टुडंट मुली येतात, सकाळी साडेसात ते रात्री आठची ड्युटी, ब्रेकमध्ये सँडविच अर्धं तसंच ठेवून टेबलावर डोकं टेकून झोपतात, कारण आदल्या रात्री केअर होममध्ये काम केलेलं असतं. बघवत नाही गं.

ह्याउलट आपल्याकडं बीएससी चार वर्षांची. कर्नाटकात आता सीईटीमधून केईए (राज्याचं परीक्षा प्राधिकरण) सीटा देतं, सरकारी कोट्यात लागलीस तर सोनंच, प्रायव्हेटला फी आणि हॉस्टेल धरून माझ्या ओळखीच्या मुलींना सहा ते दहा लाख लागलेत. कोल्हापूर-गडहिंग्लजकडं बघणार असशील तर सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्र सरकार काही कोर्सेसना सवलत देतं, ती नर्सिंगला त्या वर्षी लागू आहे का ते प्रवेशाच्या माहितीपत्रकात बघून घे. एज्युकेशन लोन साडेसात लाखांपर्यंत तारण न देता मिळतं, बँकेत तेवढं ठासून विचार.

मग दोनेक वर्षं चांगल्या हॉस्पिटलात काम कर, पगार कमी असतो, पण हात तिथंच बसतो. त्यानंतर यूकेचा खर्च बघ किती: तिथल्या नर्सिंग कौन्सिलची कॉम्प्युटरवरची सीबीटी परीक्षा 83 पाउंड, अर्ज 140, प्रात्यक्षिकाची ऑस्की परीक्षा 794, रजिस्ट्रेशन 153, म्हणजे 1,35,000 रुपयांच्या आसपास, वर आयईएलटीएस किंवा ओईटी ह्या इंग्रजीच्या परीक्षेची फी आणि व्हिसा. बरीच हॉस्पिटलं ऑस्कीचे पैसे स्वतः भरतात. ऑस्की म्हणजे दहा स्टेशन, पुतळ्यापुढं उभं राहून प्रत्येक गोष्ट तोंडानं बोलत करायची, हात धुतले, पेशंटचं नाव आणि जन्मतारीख विचारली, ॲलर्जी बघितली. आपल्या मुली काम बरोबर करतात, पण गप्प राहून करतात, त्यातच मार्क जातात, म्हणून आत्तापासून बोलत काम करायची सवय लाव.

मात्र सध्या इंग्लंडची बाहेरची भरती पार आटलीय, तू पास होईपर्यंत काय असेल त्यावर बेत करू नकोस. म्हणून जर्मनी पण डोक्यात ठेव. तिथं जर्मन भाषा बी2 लेव्हलपर्यंत लागते, पण 2025 च्या जुलैपासून वृद्धांच्या सेवेतल्या शिकलेल्या नर्सला तासाला किमान 20.50 युरो ठरले. आणि बारावीनंतर लगेचच निघायचं असेल तर तिथली औसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचा कोर्स, बघ, तीन वर्षं, फी नाही, उलट सरकारी हॉस्पिटलात पहिल्या वर्षी महिन्याला 1,400 युरोंच्या आसपास स्टायपेंड, कापून उरतं त्यातून खर्च निघतो. भाषेची परीक्षा पुण्यात मॅक्स म्युलर भवनला देता येते. तुला कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही येतात, चौथी जमेल की.

एजंटाला पैसे देताना एक लक्षात ठेव, नोकरीसाठी बाहेर पाठवणाऱ्या लायसनवाल्या एजंटाला कायद्यानं 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, आणि एनएचएससाठी भरती करणाऱ्यानं उमेदवाराकडून काहीच घ्यायचं नाही असा यूकेचा नियम आहे. लाखांत मागणारा असेल तर तिथूनच परत फिर.

आणि हे काम मात्र याच महिन्यात कर, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नाव कसं आहे ते बघ. आपल्याकडं शाळेत नुसतं नाव आणि इनिशियल लावतात, आधारवर आडनाव येतं, पासपोर्टवर तिसरंच. पुढं नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन करताना सगळ्या कागदांवर एकच नाव लागतं, तर पासपोर्ट काढायच्या आधी बोर्डाकडून दुरुस्ती करून घे, त्याला वेळ लागतो.